तिच्या पावलाचं माप

माझी बायको गेल्यावर दीड महिन्यानं आमची मुलगी चार दिवसांची रजा काढून आली. शहरात ती शिवणकामाच्या कारखान्यात आहे. आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची भांडी हलवायला लागली. मी बाहेर कुदळीला दांडा बसवत होतो.

"बाबा, आईचं मडकं कुठे ठेवलंत?"

"कुठलं?"

"फळीच्या मागे होतं ते. तोंडाला फडकं बांधलेलं. आत राखेत बाजरी होती."

"ते होय. ते दळून आणलं."

हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती दारात आली.

"काय केलंत?"

"दळून आणलं. माणसं भेटायला येत होती, घरात पीठ नव्हतं. राख झटकली, चाळलं, धुऊन वाळवलं, गिरणीवर नेलं. गिरणीवाला म्हणाला, दाणा चांगला आहे, कुठून आणलात? म्हटलं घरचाच आहे."

मुलगी उंबरठ्यावर बसली. ती रडणाऱ्यातली नाही. आई गेली तेव्हाही दवाखान्यात रडली नव्हती, माझ्यावर ओरडली होती की तीन दिवस ताप अंगावर का काढू दिलात. आता ओरडलीही नाही.

"बाबा, ते बी होतं."

"बी कोठीत आहे की पोतंभर."

"ते नेहमीचं. हे आईनं निवडलेलं. सहा वर्षं निवडत होती. ह्या वर्षी तुमच्या रानात पेरायचं होतं."

"मला तर काही बोलली नाही."

"पेरणीच्या वेळी सांगणार होती. मला फोनवर सांगायची."

ती गेली हे मला डॉक्टरनं सांगितलं होतं. पण मागे काय ठेवून गेली होती, आणि जे ठेवलं होतं ते मी दहा दिवसांत खाऊन संपवलं, हे त्या सकाळी उंबरठ्यावर कळलं. कुदळ हातात होती ती खाली ठेवली. दांडा पुरता बसला नव्हता.

"आणखी कुणाकडे आहे का हे बी?" मी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. उत्तर मला आवडणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"सुतारकाकांकडे असेल."

सुताराचं सांगायला हवं. आमचं रान ओढ्याच्या अलीकडे, त्याचं पलीकडे. जमीन तेवढीच, माती तीच, तांबडी, वरून पापडी धरणारी. आमच्याकडे पाऊस पडतो तो थोडा आणि घाईचा. पापडीवर पडतो आणि ओढ्यात पळून जातो. पाऊस दोघांवर सारखाच. तरी माझ्याकडे चार पोती बाजरी झाली की त्याच्याकडे नऊ. गेल्या वर्षी पाऊस मधेच थांबला, तेव्हा माझी तीन झाली आणि त्याची आठ. वर चवळी वेगळी. आणि हा माणूस मुळात शेतकरी नाही. करवतीनं डाव्या हाताची दोन बोटं नेली, म्हणून रंधा सोडून शेतीला लागला. मी तिसऱ्या पिढीचा. आठ बोटांचा माणूस दहा बोटांच्या माणसाच्या दुप्पट पिकवतो, हे मला खात होतं.

तो काय करतो ते मला दिसत होतं. उन्हाळ्यात रानभर खड्डे खणायचे, वीतभर खोल, ओळीनं. प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर कुजलेलं शेणखत. पेरताना बी फक्त खड्ड्यात, आठ-दहा दाणे. उतारावर आडव्या दगडांच्या ओळी. कापणी झाली की कणसं खुडून उरलेली ताटं घरी न आणता रानातच पसरून ठेवायची, जमीन झाकायची. हे सगळं शेतकी खात्याच्या बाईनं एका सभेत सांगितलं होतं. त्या सभेला आमच्या घरातून ती गेली होती, कारण मी खाणीवर होतो. उन्हाळ्याचे चार महिने मी खडी फोडायला खाणीवर जायचो, आठवड्यातून एकदा घरी यायचो.

घरी आलो तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. जेवताना, एका दमात, हातानं खड्ड्याचा आकार दाखवत. मी म्हटलं, "माझ्या रानात खड्डे? लोक विचारतील, कुणाकुणाला पुरणार आहात?"

ती हसली नाही. पुन्हा विषयही काढला नाही. त्याच वर्षी सुतारानं खड्डे खणले. मला वाटलं, हिनं माझ्याआधी त्याला सांगितलं असणार. तेव्हापासून त्या माणसाचं तोंड बघितलं की माझ्या पोटात दुखायचं.

दर वर्षी कणसं भरायच्या दिवसांत मी संध्याकाळी ओढ्याच्या काठावर उभा राहायचो. काम काही नसायचं. पलीकडे बघत उभा राहायचो. घरी आलो की ती वाढता वाढता विचारायची, "काय म्हणतंय सुताराचं रान?"

"नशीब आहे हरामखोराचं."

"जोरात आहे का?"

"पुरुषभर उंच गेलंय."

ती खाली मान घालून हसायची आणि मला आणखी एक भाकरी वाढायची. ते हसणं मला झोंबायचं. वाटायचं, हिला त्याचं कौतुक आहे.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट झाली. माझा एक निळा शर्ट होता, खाणीवर घालायचा. तो सापडेना. आणि एक दिवस ओढ्याच्या काठावरून मला तो दिसला. म्हणजे शर्ट नाही, त्याच्या चिंध्या. सुताराच्या रानात वीस-पंचवीस कणसांच्या खाली निळी चिंधी बांधलेली. घरी येऊन विचारलं, "माझा शर्ट त्याच्या बाजरीनं का घातलाय?"

"विरला होता हो. सुतारीणबाईंना दिला. पाखरांसाठी बांधतात."

"पाखरं काय निळ्या रंगाला भितात?"

"तुमच्या शर्टाला भितात. वास आहे ना त्याला."

मी जेवायला बसलो. पण माझा शर्ट त्याच्या रानात वाऱ्यावर हलतोय, हे माझ्या डोळ्यात खुपत राहिलं. त्याच वर्षी कापणीनंतर मी एक वाईट काम केलं. दुपारी सुताराच्या रानाचं काट्यांचं फाटक बाजूला केलं आणि आमच्या शेळ्या आत सोडल्या. त्यानं जमीन झाकायला पसरलेली ताटं शेळ्यांनी दुपारभरात खाऊन टाकली. संध्याकाळी मी फाटकातूनच हाका मारून शेळ्या घरी आणल्या आणि म्हटलं, फाटक उघडं होतं, गेल्या आपल्या आपण. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तेव्हाही तेच वाटलं. रान त्याचं, आणि दुखतंय हिला.

तर हा सुतार. त्याच्याकडे जाऊन मला बी मागायचं होतं.

मुलगी म्हणाली, "मी जाऊन आणते. तुम्ही नका जाऊ."

"का? मला तोंड नाही?"

"तोंड आहे म्हणूनच म्हणते."

मी गेलो. दुपारची वेळ, ओढ्यात पाण्याचा थेंब नाही, वाळू तापलेली. फाटक ओढून आत शिरलो. सहा वर्षांत त्याच्या रानात मी पहिल्यांदा पाय ठेवला. गेल्या वर्षीचे खड्डे बुजत आलेले होते, पण दिसत होते. प्रत्येकात बाजरीचे कापलेले खुंट, आजूबाजूला वाळलेला पाचोळा. मी एक खुंट उपटून बघितला. खालची माती भुसभुशीत आणि काळपट होती. आमची माती अशी मी कधी पाहिली नव्हती. मातीवरही जळावं असं मला वाटलं नव्हतं, पण जळलो.

खड्डा किती लांब, दोन खड्ड्यांत अंतर किती, हे बघावं म्हणून मी ओळीवरून चालायला लागलो. एक पाऊल एका खड्ड्यावर, दुसरं पुढच्यावर. तर माझं पाऊल पुढच्या खड्ड्याच्याही पुढे पडायला लागलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. पाऊल आखूड घेतलं तेव्हा कुठे बरोबर बसायला लागलं. असं आखूड पाऊल मी आयुष्यात कधी टाकत नाही. पण असं चालणं मला पाठ होतं. चौतीस वर्षं ते माझ्या मागून चाललं होतं. बाजाराला जाताना, रानात जाताना. "जरा हळू चला की, मला पळावं लागतं," असं म्हणत.

मी थांबलो. मग तीन ओळी शेवटपर्यंत चाललो. तिन्ही ओळी तिच्याच पावलाच्या होत्या.

"काय दादा, रान मोजायला घेतलंत?"

सुतार बांधावरून येत होता. उंच माणूस, ताडमाड. त्याचं एक पाऊल म्हणजे तिची दोन.

"हे खड्डे कुणी खणले?"

"खड्डे? मीच. दुसरं कोण?"

"एक पाऊल टाकून दाखव."

"काय?"

"ह्या खड्ड्यावरून त्या खड्ड्यावर. चाल."

तो चालला नाही. उभा राहिला, उरलेल्या बोटांनी कान खाजवला. खोटं बोलता येत नाही त्याला, हे मला तेव्हाच कळलं.

"खालच्या बाजूचे मी," तो म्हणाला. "ह्या ओळी वहिनींच्या."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून. सहा उन्हाळे. तुम्ही खाणीवर असायचात. त्या माझ्याकडे तिकाटी करून घ्यायला आल्या होत्या, तीन काठ्यांची, मधे ओळंबा. उताराची समपातळी बघायला. मी म्हटलं, करून देतो, पण लावणार कुठे? म्हणाल्या, आमच्याकडे मनाई आहे. मग मी म्हटलं, माझं रान रिकामंच आहे, इथे लावा."

"म्हणजे माझी बायको सहा उन्हाळे तुझ्या रानात होती आणि मला पत्ता नाही." माझा आवाज चढला. "आणि आणखी काय काय होतं ज्याचा मला पत्ता नाही?"

सुताराचा चेहरा पडला. तो काही बोलायच्या आत मागून त्याची बायको बोलली. हातात पाण्याची कळशी होती. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"काय काय होतं ते मला विचारा, भाऊजी. मी सांगते. दोन वर्षं मी तेच शोधत होते."

"तू गप्प बस," सुतार म्हणाला.

"का गप्प बसू? त्यांना एकट्यालाच जळता येतं का?" तिनं कळशी खाली ठेवली. "हा माणूस लग्नापासून घरात चार शब्द बोलत नाही. आणि तुमच्या बायकोबरोबर रानात तासतास बोलतोय, हसतोय. म्हटलं, बघूया तरी. कुदळ घेतली आणि दोघांच्या मधे जाऊन खणायला लागले. कान इकडे. ऐकलं काय, तर शेण. कुजलेलं किती घालायचं, न कुजलेलं घातलं तर काय होतं, वाळवी लागली तर चांगली का वाईट. दोन तास! शेणावर! म्हटलं बाई, हे जे काय आहे ते तुलाच राहू दे."

सुतार खाली बघून हसत होता. मला हसू आलं नाही.

"मग स्वतःचं रान सोडून इथे का मरत होती ती?"

"मीही तेच विचारलं तिला. काय म्हणाली सांगू? राग येईल तुम्हाला."

"आता काय यायचा राहिलाय?"

"म्हणाली, आमच्या ह्यांना सांगून कळत नाही, पण बघून जळतं. ओढ्याच्या पलीकडे पीक उभं राहिलं की जळतील, आणि पुरते जळले की करतील. त्यांच्यापुढे वाद घालण्यापेक्षा हे सोपं. दर वर्षी कापणीला मी विचारायची, काय गं, जळले का? म्हणायची, जळतायत, पण अजून पुरते नाही."

मी तिथे खाली बसलो, खड्ड्यांच्या मधे. काय म्हणतंय सुताराचं रान, जोरात आहे का, असं विचारून खाली मान घालून हसणारी ती मला दिसत होती. सहा वर्षं मी माझा जळफळाट रोज संध्याकाळी घरी नेऊन तिच्या पुढ्यात ठेवत होतो, आणि ती तो मोजून घेत होती.

सुतारही शेजारी बसला. थोड्या वेळानं मी सांगितलं, "मडक्यातलं बी मी दळून आणलं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"मुलगी बोलली?"

"नाही. तुम्हाला भेटायला आलो त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला बसलो, तेव्हा पहिल्या घासाला कळलं. ह्या बाजरीची चव गोडसर आहे. ही तोंडात घास घेऊन माझ्याकडे बघायला लागली, मी हिच्याकडे."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार, दादा? घरात माणूस गेलेलं. सगळ्यांसमोर म्हणू, वहिनींचं बियाणं वाढताय?"

"आणि खाल्लंस?"

"ताटात टाकलं असतं तर वहिनींनी मला सोडलं असतं का?"

मला राग कशाचा आला ते सांगतो. बी गेल्याचा नाही. माझ्या घरात, माझ्या हातचं खाताना त्या माणसाला तिचा दाणा ओळखता आला, आणि मला दहा दिवस दोन्ही वेळा खाऊन ओळखता आला नाही. मी उठलो आणि घराकडे निघालो. बी मागितलंच नाही.

फाटकापर्यंत आलो तर सुतारीण मागून पळत आली. हातात पत्र्याचा डबा आणि एक पेला.

"हे न घेता निघालात?"

"मला नको तुमचं बी."

"आमचं कुठलं? तिचं आहे. लवकर पिकलेली, पाऊस थांबल्यावरही भरलेली कणसं शोधून, त्यांना चिंध्या बांधून ठेवलेली. चिंध्या कुणाच्या? तुमच्या शर्टाच्या. बायकोवर नाही तर निदान शर्टावर तरी हक्क सांगा."

तिनं तिथेच बसून फडकं पसरलं आणि पेल्यानं मोजायला लागली. एक पेला फडक्यावर, एक डब्यात.

"आमच्या वाट्याला किलोभर होतं. तुमच्या मडक्यात तीन किलो."

"मला जास्त का?"

"तुम्ही हट्टानं मूठ फेकूनच पेराल हे तिला माहीत होतं. म्हणायची, खड्डे नाही तर नाही, बी तरी चांगलं पडू दे." तिनं फडक्याची गाठ बांधली. "आता हे अर्धा किलो आहे. फेकून पेराल तर एक कोपरासुद्धा भरायचा नाही. खड्ड्यांत टाकाल तर सगळं रान होईल. पुढे तुम्ही आणि तुमची कुदळ."

गाठोडं माझ्या हातात देताना तिचा हात थांबला. म्हणाली, "मला तरी कुठे आवडतंय भाऊजी, देताना. पण काय करता." तेवढं एक बोलणं मला त्या दिवसात बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि मुलगी सुताराची तिकाटी घेऊन रानात गेलो. तीन काठ्या, वर खिळा, मधे दोरीला बांधलेला दगड. दोर आडव्या काठीवरच्या खुणेवर आला की दोन्ही पायांखालची जमीन एका पातळीत. आडव्या काठीवर ती खूण तिनं विळ्यानं कोरलेली होती. तिची आई चालताना जमीन बघत यायची, तशी मुलगी जमीन बघत तिकाटी पुढे टाकत होती आणि मी मागून खुंट्या ठोकत होतो. उताराच्या आडव्या ओळी पडायला लागल्या तेव्हा मला दिसलं की आमचं रान सपाट नाही. तीस वर्षं मी ते सपाट समजत होतो.

खड्डे खणताना अंतराचा प्रश्न आला. मुलगी म्हणाली, "तुमच्या पावलानं खणा. थोडं जास्त अंतर पडलं म्हणून काय बिघडणार आहे?"

"नाही."

ओढा ओलांडून मी पुन्हा सुताराच्या रानात गेलो. एक सरळ काठी घेतली आणि तिच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मधे धरून तेवढीच तोडली. परत आलो तर मुलगी म्हणाली, "माझं पाऊल टाकून बघू का?" तिनं टाकलं. काठीपेक्षा चार बोटं जास्त निघालं. ती शहरात भराभर चालायला शिकली आहे. मला बरंही वाटलं आणि वाईटही. काठीच ठेवली.

मुलगी रजा संपवून गेली. जाताना म्हणाली, "खाणीवर जाऊ नका ह्या वर्षी. मी पाठवते."

"तू काही पाठवू नकोस. कोठीत बाजरी आहे."

"ती तरी नीट बघून दळा."

मी खाणीवर गेलो नाही. रोज पहाटे खणायचं, ऊन चढलं की थांबायचं. पापडी दगडासारखी. पहिल्या दिवशी पस्तीस खड्डे झाले आणि मी दोन दिवस वाकलेलाच राहिलो. खडी फोडणारा माणूस मी, पण घण मारणं वेगळं आणि हे वेगळं. ती माझ्या खांद्याएवढी होती. घरचं सगळं करून, शेळ्यांचं करून, तिनं हे सहा उन्हाळे केलं. आणि मी आठवड्यानं घरी येऊन विचारायचो, "दिवसभर काय केलंस?"

"काही नाही. बसले होते," असं म्हणायची.

दहाव्या दिवशी सुतार कुदळ घेऊन ओढा ओलांडून आला. मी बोलावलं नव्हतं. माझ्या शेजारच्या ओळीला लागला. चार-पाच खड्डे झाल्यावर बघितलं तर त्याचं अंतर वाढत चाललेलं.

"आखूड घे," मी म्हटलं आणि काठी त्याच्याकडे फेकली.

"वहिनीपण हेच म्हणायच्या," तो म्हणाला. "म्हणायच्या, उंट आहात तुम्ही, पाय दुमडून चाला."

माझं डोकं तापलं. हे ती मला कधी म्हणाली नव्हती. त्याला म्हणायला तिच्याकडे वेगळे शब्द होते. मी तासभर नुसता खणत राहिलो. मग पाणी पिताना विचारलं, "आणखी काय म्हणायची?"

तेव्हापासून तो रोज येतो. रोज एक-दोन गोष्टी सांगतो. कुजलेल्या खताचा वास घेऊन ती ते तयार झालंय का सांगायची. पहिल्या वर्षी वाळवी बघून हा घाबरला, तर म्हणाली, राहू दे, जमिनीला भोकं पाडतेय, आपलं काम करतेय. एकदा कणसं बघता बघता पाय घसरून ती खड्ड्यात बसली आणि म्हणाली, झालं, मलाच पेरलंत. हे सांगताना तो हसतो. मी ऐकतो आणि जळतो. माझ्याजवळ तिची चौतीस वर्षं आहेत, आणि ह्या माणसाजवळ सहा उन्हाळे. मला त्याचे सहा उन्हाळे हवे आहेत. त्यानं यायचं थांबवलं तर मात्र मी जाऊन त्याला ओढून आणीन.

परवा त्यानं सांगितलं, "वहिनींना मी एकदाच रडताना पाहिलं."

"केव्हा?"

"तिसऱ्या वर्षी. त्यांच्या हातून फाटक उघडं राहिलं आणि तुमच्या शेळ्या रानात शिरल्या. सगळा पाचोळा गेला. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

मी कुदळीवर हात ठेवून उभा राहिलो.

"मी म्हटलं, जाऊ द्या वहिनी, चुकून होतं. ऐकेनात. म्हणाल्या, चूक माझ्या घरची आहे, मी भरून देते. दोन दिवस ओढ्याकाठचं वाळलं गवत कापून, डोक्यावर भारे आणून सगळं रान पुन्हा झाकलं. मला हात लावू दिला नाही. मला आजपर्यंत वाईट वाटतं. एका फाटकासाठी एवढं?"

ते दोन दिवस म्हणजे ती माझ्याशी बोलत नव्हती ते दोन दिवस. बोलायला ती घरात होतीच कुठे.

मी तोंड उघडलं होतं. सुतार पाण्याची बाटली पुढे करून उभा होता, कपाळावरचा घाम त्या अर्ध्या पंजानं पुसत. मी पाणी प्यालो, बाटली परत दिली आणि म्हटलं, "चल, ही ओळ संपवू."

ओळ संपवली. खालच्या बाजूला एकोणीसशे खड्डे झाले आहेत, खतही घालून झालं आहे. बी गाठोड्यात आहे, फळीच्या मागे, राखेत. वरचा तुकडा अजून खणायचा राहिला आहे. आणि ते फाटक मी उघडलं होतं, हे सुताराला अजून सांगायचं राहिलं आहे.